खेळताना टीव्हीचा पडदा दोन-तीन सेकंद काळा होतो: कारण कसे शोधावे

मागच्या दिवाळीच्या तोंडावर आम्ही सोलापुरातल्या नवी पेठेतून ५५ इंचांचा ४के स्मार्ट टीव्ही आणला. किंमत मध्यम, म्हणजे फार स्वस्तही नाही आणि फार महागही नाही. घरातल्या सगळ्यांचे भागावे एवढीच अपेक्षा होती: आप्पांना बातम्या आणि क्रिकेट, आम्हा दोघांना रात्रीचा एखादा चित्रपट, आणि अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी आमच्याकडे राहणाऱ्या भाच्याला त्याच्या प्लेस्टेशन ५ वरचे खेळ. पहिला आठवडा उत्तम गेला. त्यानंतर एक दोष सुरू झाला आणि तो जवळजवळ पाच महिने पुरला. खेळ चालू असताना चित्र आणि आवाज एकाच क्षणी जायचे, पडदा पूर्ण काळा व्हायचा, दोन-तीन सेकंदांनी वरच्या कोपऱ्यात ‘एचडीएमआय २’ (प्लेस्टेशनची तार टीव्हीच्या ज्या खाचेत लावली आहे तिचे नाव) अशी पाटी उमटायची आणि खेळ पुढे गेलेला दिसायचा. तोवर भाच्याचा फलंदाज बाद झालेला असे. एका संध्याकाळी असे सहा-सात वेळा होई.

कंपनीचे तंत्रज्ञ दोनदा येऊन गेले. दुसऱ्या वेळी त्यांनी वॉरंटीत मुख्य बोर्डही बदलून दिला, पण दोष तसाच राहिला. त्यांनी हयगय केली असे मी म्हणणार नाही. दोन्ही वेळा ते दुपारी आले होते, भाचा कॉलेजात होता, कन्सोल म्हणजे प्लेस्टेशन बंद होता, आणि त्यांनी पेनड्राइव्हवरचे चित्र लावून तासभर टीव्ही चालवून पाहिला. त्या तासात पडदा एकदाही काळा झाला नाही. ते खरे तर पहिले महत्त्वाचे निरीक्षण होते, पण त्या वेळी ते आमच्या कोणाच्याच लक्षात आले नाही. पेनड्राइव्हवरचे चित्र एचडीएमआयच्या वाटेने जातच नाही, त्यामुळे त्या वाटेवरचा दोष अशा तपासणीत कधीच दिसणार नाही.

मी अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या कारखान्यात विद्युत देखभालीचे काम करतो. माग थांबला की त्यावरचा दिवा सांगतो, ताणा तुटला की बाणा. त्याप्रमाणे कामगार नेमका तिथे हात घालतो. टीव्हीवर असा दिवा नसतो, पण पडदा कसा काळा झाला हे नीट पाहिले तर तो बरेच काही सांगतो, म्हणून कोणतीही तार ओढण्याआधी तेवढे पाहणे आवश्यक आहे.

चित्र जाऊन आवाज चालू राहत असेल, तर संशय पडद्यामागच्या प्रकाशपट्ट्यांवर किंवा त्यांना वीज देणाऱ्या भागावर घ्यावा. अशा वेळी खोलीतले दिवे मालवून पडद्यावर जवळून टॉर्च धरावा. अंधूक चित्र हलताना दिसले, तर पॅनेल काम करत आहे आणि मागचा प्रकाश गेला आहे असे समजावे, आणि ते काम तंत्रज्ञाचेच आहे. पडदा काळा होऊन कंपनीचे बोधचिन्ह पुन्हा उमटत असेल, तर टीव्ही स्वतः बंद होऊन पुन्हा सुरू होतो आहे. तिथे वीजपुरवठा, उष्णता किंवा सॉफ्टवेअर यांचा विचार करावा लागतो. चित्र गोठून गोल फिरणारे चक्र दिसत असेल तर तो इंटरनेटचा प्रश्न आहे. चित्र आणि आवाज दोन्ही एकदम जाऊन, टीव्ही बंद न होता, काही सेकंदांत एचडीएमआयच्या पाटीसह दोन्ही परत येत असतील, तर कन्सोल आणि टीव्ही यांच्यातला दुवा तुटून पुन्हा जुळतो आहे. आमचा दोष या शेवटच्या प्रकारातला होता आणि पुढचे सगळे विवेचन त्याच प्रकाराविषयी आहे.

एक अपवाद मात्र आधीच बाजूला काढायला हवा, कारण त्यामुळे अनेकांची विनाकारण धावपळ होते. साध्या चित्रातून एचडीआर (उजळ आणि गडद भाग अधिक बारकाईने दाखवणाऱ्या) चित्रात जाताना, किंवा सेकंदाला ६० चौकटींवरून (फ्रेम्सवरून) १२० चौकटींवर किंवा चित्रपटाच्या २४ चौकटींवर जाताना, टीव्हीला नव्या संकेताशी जुळवून घ्यावे लागते आणि त्यात पडदा एक-दोन सेकंद काळा होतो. खेळ सुरू करताना किंवा बंद करताना एकदाच असे होत असेल तर तो दोष नाही. खेळाच्या ऐन मध्यात, कोणतीही मांडणी (सेटिंग) न बदलता, वारंवार होत असेल तरच पुढे जावे.

दुवा तुटतो म्हणजे काय होते, हे थोडक्यात सांगतो. कन्सोल टीव्हीला जोडल्यावर दोघांत आधी देवाणघेवाण होते: टीव्ही आपल्याला काय काय दाखवता येते ते सांगतो, कन्सोल त्यातले एक स्वरूप निवडतो आणि एचडीसीपी या संरक्षणपद्धतीच्या किल्ल्या तपासल्या जातात. मग चित्राची माहिती अखंड वाहू लागते. ही माहिती प्रचंड असते. १०८० ओळींचे चित्र सेकंदाला ६० वेळा पाठवण्यासाठी तारेतून सुमारे ४.५ गिगाबिट जावे लागतात. ४के चित्र तितक्याच वेळा पाठवायचे तर तोच आकडा १७.८ गिगाबिटांपर्यंत जातो. एचडीएमआय २.० या आवृत्तीची कमाल क्षमता १८ गिगाबिट आहे. म्हणजे ४के ६० चौकटींना तार जवळजवळ काठोकाठ भरून वाहते. अशा स्थितीत तार थोडी लांब असली, तिचे जोड थोडे सैल असले किंवा बाहेरून क्षणभर विद्युत गोंगाट आत शिरला, तर टीव्हीला येणाऱ्या माहितीत चुका होतात. त्या एका मर्यादेपलीकडे गेल्या की टीव्ही चित्र आणि आवाज दोन्ही बंद करून सगळी देवाणघेवाण पहिल्यापासून सुरू करतो. ते दोन-तीन सेकंद या पुनर्जुळणीचे असतात.

हे समजल्यावर पहिली चाचणी आपोआप सुचते आणि तिला एक पैसाही लागत नाही. कन्सोलच्या मांडणीत जाऊन चित्र १०८० वर आणावे आणि दोन-तीन संध्याकाळी तसेच खेळावे. आमच्याकडे तीन संध्याकाळींत पडदा एकदाही काळा झाला नाही. ४के परत लावले आणि पहिल्याच तासात तीनदा गेला. म्हणजे टीव्ही शाबूत होता, कन्सोलही शाबूत होता, आणि दोघांमधल्या वाटेला तो भार पेलत नव्हता. प्लेस्टेशन ५ मध्ये ४के चित्राच्या प्रसारणाचा वेग कमी करण्याची सोय आहे. तिथे ‘स्वयंचलित’च्या खाली उणे १ आणि उणे २ असे दोन पर्याय मिळतात. ते निवडल्यास रंगाची माहिती कमी करून तारेवरचा भार हलका केला जातो. उणे २ वर आमचा दोष जवळजवळ नाहीसा झाला, आणि वाटेच्या क्षमतेविषयीचा माझा तर्क आणखी पक्का झाला. पण याला मी उपाय मानत नाही. ही मांडणी निदानासाठी वापरावी. पैसे मोजून घेतलेल्या टीव्हीचे चित्र कायमचे उतरवून ठेवण्यात अर्थ नाही.

मग मी तारेकडे वळलो. कन्सोलबरोबर आलेली तार आखूड होती आणि आमचे शोकेस टीव्हीच्या भिंतीला काटकोनात असल्यामुळे ती पोचत नव्हती. म्हणून आम्ही ५ मीटरची वेगळी तार घेऊन ती केसिंग पट्टीतून भिंतीवरून फिरवली होती. तिच्या पाकिटावर ठळक अक्षरांत ‘४के’ एवढेच लिहिले होते. एचडीएमआयच्या तारेवर ‘४के’ किंवा ‘२.१’ लिहिण्याला फारसा अर्थ नाही. पाहायचे असते ते प्रमाणपत्राचे लेबल. १८ गिगाबिटांसाठी प्रीमियम हाय स्पीड आणि ४८ गिगाबिटांसाठी अल्ट्रा हाय स्पीड अशी प्रमाणित वर्गवारी आहे, आणि पाकिटावरचा चौकोनी संकेत मोबाइलने तपासून ती खरी आहे की नाही ते पाहता येते. तार जितकी आखूड तितकी चांगली. पाच मीटरची साधी तार आणि ४के ६० चौकटी, ही जोडी सहसा जमत नाही.

कन्सोल एका स्टुलावर टीव्हीखाली आणून ठेवला आणि त्याच्याबरोबर आलेली मूळ तार लावली. सहा-सात वेळा जाणारा पडदा एक-दोन वेळांवर आला. अनेक जण या टप्प्यावर थांबतात, आणि मलाही थांबावेसे वाटले होते. पण एक-दोन वेळा जाणे म्हणजे दोष जाणे नव्हे. तार हेच पूर्ण कारण असते तर तो शून्यावर यायला हवा होता.

कारखान्यात एखादा माग दिवसातून चार वेळा विनाकारण थांबू लागला, तर आमच्याकडे त्याच्या शेजारी एक वही टांगतात आणि प्रत्येक थांब्याची वेळ लिहून ठेवतात. तेच घरी केले. टीव्हीखालच्या कप्प्यात जुनी दोनशे पानी वही ठेवली आणि भाच्याला सांगितले, की पडदा गेला की खेळ थांबव आणि वेळ लिही. पाहणी लवकर व्हावी म्हणून त्या आठवड्यात मी मुद्दाम पुन्हा लांब तार लावली. पहिल्या तीन संध्याकाळच्या नोंदी समोरासमोर ठेवल्यावर एक गोष्ट लक्षात आली: दोन नोंदींमधले अंतर बहुतेक वेळा पंचवीस मिनिटांच्या आसपास होते, कधी त्याच्या दुप्पट. ७.४२, ८.०६, ८.३१, मग एकदम ९.२२. तार नुसती कमकुवत असती तर पडदा वेळीअवेळी गेला असता. नियमित अंतराने जातो म्हणजे नियमित अंतराने काहीतरी घडते आहे.

ते काय, हे माझ्या पत्नीने ओळखले. चौथ्या दिवशी ती स्वयंपाकघरात भाकऱ्या करत होती आणि मी दारात उभा राहून घरात आपोआप चालू-बंद होणाऱ्या वस्तू मोजत होतो. फ्रिजच्या मागून ‘टक्क’ असा आवाज आला, कॉम्प्रेसर थरथरून सुरू झाला आणि त्याच श्वासात हॉलमधून भाचा ओरडला, “मामा, गेला बघा!” पत्नीने तवा उतरवला आणि म्हणाली, “काल पण फ्रिज सुरू झाला तेव्हाच ओरडला होता.” मग आम्ही दोघे भाकऱ्या बाजूला ठेवून फ्रिजजवळ बसून राहिलो. पुढचा आवाज चोवीस मिनिटांनी आला आणि पडदा पुन्हा गेला. तिसऱ्या वेळी गेला नाही, चौथ्या वेळी गेला.

आमचा फ्रिज जुना आहे. अशा फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर त्याच्या नेहमीच्या प्रवाहाच्या कितीतरी पट प्रवाह ओढतो आणि त्याचा रिले जुळताना बारीक ठिणगी पडते. प्रवाहाच्या ओढीमुळे त्याच तारेवरचा विजेचा दाब क्षणभर खाली जातो आणि ठिणगीमुळे उच्च वारंवारितेचा गोंगाट तारांमध्ये पसरतो. हा गोंगाट कन्सोलपर्यंत पोचला की एचडीएमआय तारेच्या आवरणावरून टीव्हीत शिरतो. १०८० चे चित्र चालू असताना वाटेत पुरेशी ऐसपैस जागा असल्यामुळे तो पचतो; काठोकाठ भरलेल्या ४के चित्राला तो पचत नाही. नव्या इन्व्हर्टर तंत्राच्या फ्रिजचा कॉम्प्रेसर हळूहळू वेग घेतो, म्हणून त्यांच्याकडून हा त्रास कमी होतो.

फ्रिज आणि टीव्ही एकाच तारेवर का होते, याचे उत्तर भिंतीत सापडले. आमचे घर जुने आहे आणि फ्रिजचा सॉकेट हॉलमधल्या बोर्डातून पुढे नेलेला आहे. त्याच बोर्डात एक्स्टेंशन लावून त्यावर टीव्ही, कन्सोल, सेट-टॉप बॉक्स आणि राउटर अशी चारही उपकरणे होती. एमसीबी बंद करून बोर्ड उघडला तेव्हा न्यूट्रलचा स्क्रू अर्धा फेरा सैल होता आणि त्याच्याभोवतीचे प्लास्टिक तपकिरी पडले होते. तो पाहून मला टीव्हीपेक्षा घराची काळजी वाटली. सैल जोडात उष्णता निर्माण होते आणि अशाच जोडातून आगी लागतात. ज्यांच्या घरातले बोर्ड पंधरा-वीस वर्षांत उघडलेले नाहीत, त्यांनी टीव्हीचे निमित्त करून परवानाधारक वायरमनकडून ते एकदा तपासून घ्यावेत. स्वतः उघडू नयेत.

स्क्रू आवळला, जळका सॉकेट बदलला आणि डीबीपासून, म्हणजे घरातल्या मुख्य वीज-वितरण पेटीपासून, टीव्हीच्या भिंतीपर्यंत अर्थिंगसह वेगळी लाइन ओढून घेतली. त्या रात्रीपासून आखूड तारेवर पडदा एकदाही गेलेला नाही. खात्रीसाठी मी उलटी चाचणीही केली: नवी लाइन तशीच ठेवून जुनी ५ मीटरची तार पुन्हा लावली. तीन संध्याकाळींत पडदा एकदा गेला. जुन्या लाइनवर आखूड तार लावल्यावर तो रोज एक-दोनदा जात होता, आणि जुन्या लाइनवर लांब तार लावल्यावर सहा-सात वेळा. दोन्ही उणिवा एकत्र आल्या तेव्हाच त्रास असह्य झाला होता, आणि एक-एक करून बदल केल्यामुळेच कोणाचा किती वाटा आहे ते कळले. मी पहिल्याच दिवशी तार, सॉकेट आणि मांडणी एकदम बदलली असती, तर दोष गेलाही असता, पण पुन्हा उद्भवला असता तर शोध शून्यापासून करावा लागला असता.

फ्रिजच्या जागी तुमच्याकडे दुसरे काही असू शकते. शहराच्या पूर्व भागात खाली माग आणि वर राहते घर अशी रचना अजूनही पुष्कळ ठिकाणी आहे. तिथे मागाच्या मोटारी सुरू होताना नेमके हेच घडते, आणि माग विजेच्या वेगळ्या मीटरवर असला तरी बाहेरून येणारी वाहिनी एकच असू शकते. उन्हाळ्यात कूलरची मोटार, पाणी आल्यावर लावलेला पंप, मिक्सर, शिलाई यंत्र यांच्यावरही लक्ष ठेवावे. चाचणी सोपी आहे: ४के चित्र चालू ठेवून दुसऱ्याने ते उपकरण दहा वेळा चालू-बंद करावे. दहापैकी दोन-तीन वेळा जरी पडदा गेला, तरी कारण सापडले असे समजावे.

इन्व्हर्टरविषयी एक सूचना. वीज गेल्यावर टीव्ही पूर्ण बंद होऊन पुन्हा सुरू होत असेल तर इन्व्हर्टरच्या मागचा कळ-पर्याय पाहावा. बहुतेक घरगुती इन्व्हर्टरमध्ये साधी पद्धत आणि यूपीएस पद्धत असे दोन पर्याय असतात. यूपीएस पद्धतीत वीज बदलण्याचा अवकाश कमी असतो आणि टीव्ही, कन्सोल, राउटर तग धरतात. स्टॅबिलायझर मात्र मी घेतला नाही. टीव्हीच्या मागच्या पट्टीवर १०० ते २४० व्होल्ट असे लिहिले असेल, तर त्याचा वीजपुरवठा विभाग आमच्याकडे संध्याकाळी मिळणारे २०८ किंवा २१४ व्होल्ट सहज सांभाळतो, आणि रिलेवर चालणारा स्टॅबिलायझर स्वतःच टप्पे बदलताना नवे झटके देतो. वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या, तर टीव्हीचा प्लग आणि डिशची तार दोन्ही काढून ठेवणे हा सर्वांत भरवशाचा उपाय आहे.

वीज आणि तार ठीक असूनही दुवा तुटत असेल तर मांडणीकडे वळावे. टीव्हीच्या मांडणीत प्रत्येक एचडीएमआय खाचेसाठी संकेताचे ‘साधे’ आणि ‘वर्धित’ असे पर्याय असतात. कन्सोलची खाच वर्धितवर नसेल तर ४के एचडीआर नीट चालत नाही. व्हीआरआर म्हणजे चौकटींचा वेग बदलता ठेवण्याची सोय बंद करून पाहावी. प्लेस्टेशन ५ चे व्हीआरआर ४८ ते १२० चौकटींच्या टप्प्यात चालते, आणि ६० हर्ट्झच्या (सेकंदाला ६० चौकटी दाखवणाऱ्या) पॅनेलवर त्याचा लाभ मुळातच थोडा असतो. सीईसी, म्हणजे एका रिमोटने सगळी उपकरणे चालवण्याची सोय, हीसुद्धा आठवडाभर बंद ठेवून पाहण्यासारखी आहे. सेट-टॉप बॉक्स आणि साउंडबार यांच्या आज्ञा एकमेकांत अडकल्या की टीव्ही स्वतःहून खाच बदलतो आणि तेही पडदा गेल्यासारखेच दिसते. एचडीसीपी बंद केल्यावर केवळ खेळ चालतात, चित्रपटांची ॲप चालत नाहीत, तरी तपासणीपुरते ते करून पाहता येते.

या शोधामुळे टीव्ही निवडताना मी काय पाहायला हवे होते, तेही स्पष्ट झाले. दुकानात आम्ही लखलखणारे प्रात्यक्षिक चित्र पाहिले, आणि ते टीव्हीच्याच स्मृतीतून चालते. खऱ्या कसोटीसाठी दुकानात कन्सोल, निदान लॅपटॉप, एचडीएमआयने जोडून पाहावा. खोक्यावर ‘एचडीएमआय २.१’ असे लिहिलेले असले तरी त्याने ४८ गिगाबिटांची हमी मिळत नाही. त्या आवृत्तीतल्या एखाद-दुसऱ्या सोयीवरही तो आकडा लिहिता येतो. मध्यम किमतीच्या बहुतेक टीव्हींचे पॅनेल ६० हर्ट्झचेच असते. काहींवर डीएलजी तंत्राने १२० हर्ट्झ असा उल्लेख असतो, पण त्यात आडव्या ओळींची संख्या निम्म्यावर येते, म्हणजे वेग मिळतो आणि बारकावे जातात. वेगवान स्पर्धात्मक खेळ खेळणाऱ्याला तो सौदा पटू शकेल. माझ्या मते घरगुती वापराला साधे, चांगले ६० हर्ट्झ पॅनेल आणि अधिक उजेड देणारा पडदा हाच योग्य खर्च आहे.

खेळासाठी खरा फरक पडतो तो चित्रसुधारणा कमी करणाऱ्या गेम मोडने. बटण दाबल्यापासून पडद्यावर हालचाल दिसेपर्यंतचा विलंब चित्रसुधारणा चालू असताना १०० मिलिसेकंदांच्या घरात जाऊ शकतो. ६० हर्ट्झवर एक चौकट १६.७ मिलिसेकंदांची असते, म्हणजे फलंदाजाने बॅट फिरवली तरी चित्र पाच-सहा चौकटी मागे राहते. भाच्याची ‘बॅट उशिरा फिरते’ ही तक्रार गेम मोड लावताच संपली. एएलएलएम असलेला टीव्ही कन्सोल ओळखून हा मोड स्वतः लावतो, पण तो खरोखर लागला आहे की नाही ते एकदा डोळ्यांनी पाहावे. चित्रपटासाठी मात्र गेम मोड नको, आणि मधल्या चौकटी बनवून हालचाल गुळगुळीत करणारे एमईएमसी तर मी सर्वत्र बंद ठेवतो, कारण त्याने चांगला चित्रपटही मालिकेसारखा दिसतो. आप्पांना क्रिकेटमध्ये ते आवडते, म्हणून सेट-टॉप बॉक्सच्या खाचेवर तेवढे चालू ठेवले आहे. प्रत्येक खाचेची मांडणी वेगळी राखता येणे ही या टीव्हीची मला सर्वांत उपयोगी वाटलेली गोष्ट आहे.

आमच्या खोलीत सोफ्यापासून पडदा सात फुटांवर आहे आणि ५५ इंचांना ते अंतर नेमके आहे. दहा-बारा फुटांवरून ४के आणि साध्या चित्रातला फरक डोळ्यांना फारसा कळत नाही. पॅनेल व्हीए जातीचे असल्यामुळे रात्री काळा रंग खोल दिसतो, पण बाजूला खुर्ची टाकून बसणाऱ्या आप्पांना तो फिकट वाटतो. ज्यांच्याकडे माणसे खोलीभर पसरून बसतात, त्यांनी आयपीएस पॅनेलचा विचार करावा. एचडीआरची चिन्हे खोक्यावर पुष्कळ असतात. मध्यम किमतीच्या पडद्याचा उजेड तेवढा नसल्याने त्यांचा परिणाम मर्यादितच मिळतो, हे गृहीत धरून चालावे.

शेवटचा मुद्दा उष्णतेचा आहे आणि सोलापुरात तो टाळता येत नाही. बहुतेक टीव्हींच्या माहितीपुस्तिकेत वापराची कमाल मर्यादा ४० अंश दिलेली असते आणि एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे बाहेरचाच पारा ४२-४३ वर जातो. आमची टीव्हीची भिंत पश्चिमेची आहे. संध्याकाळी सहा वाजता तिला हात लावला तर चटका जाणवतो. म्हणून टीव्ही भिंतीला चिकटवून न लावता मागे चार बोटांची जागा राहील असा ब्रॅकेट घेतला, कन्सोल बंद कप्प्यातून काढून उघड्या फळीवर ठेवला, आणि त्याच्या मागे साचलेली धूळ महिन्यातून एकदा ब्लोअरने काढतो. कूलरचा ओलसर झोत थेट टीव्हीवर येणार नाही अशा कोनात कूलर वळवला आहे.

वही अजून त्याच कप्प्यात आहे. नवी लाइन आणि आखूड तार एकत्र झाल्यापासून तिच्यात दोनच नोंदी आहेत, आणि दोन्हींपुढे भाच्याने लिहिले आहे: ‘खेळ सुरू करताना, एचडीआर, एकदाच.’